चुन्याची निवळी आणि सुखदेव मिस्त्री

पांढुर्ण्याच्या स्टेशन रोडवर सुखदेव मिस्त्रीचं मोटरी बांधायचं, म्हणजे बिघडलेल्या मोटरींत नवी तार भरायचं दुकान होतं. वर टिनाचा पत्रा, मागे एक भिंत, आणि त्या भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या जळक्या कॉइली. प्रत्येक कॉइलीला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असे. 'एक फेज गेला.' 'पुरात बुडाली.' 'उंदरानं वायर खाल्ली.' 'मालकानं फ्यूजच्या जागी खिळा ठोकला.' दुरुस्त झालेल्या मोटरी गिऱ्हाईक घेऊन जात. बिघाड मात्र सुखदेवभाऊ स्वतःजवळ ठेवून घेत.

मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. लग्न केलं नव्हतं, एकटीच राहायची. गावात मला सगळे प्रतिभा बहनजी म्हणत. सुखदेवभाऊंकडे मी पहिल्यांदा गेले ते १९८४ साली, हवेचा एक छोटा पंप पिशवीत घालून.

"हे कायचं हाये, बहनजी?"

"काचेच्या पेटीचं. पाण्यात हवा सोडतं. बंद पडलंय."

"मासोळ्या पाळल्या का?"

"मासोळ्या नाहीत. पोवळं आहे. समुद्रातलं, जिवंत."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पांढुर्ण्याहून समुद्र किती लांब ते त्यांना ठाऊक होतं. कधी पाहिला मात्र नव्हता.

माझा भाऊ दिलीप तेव्हा ओखा बंदरात नोकरीला होता. त्याच्याकडे गेले असताना ओहोटीच्या वेळी मी गुडघाभर पाण्यात उभी राहून जिवंत प्रवाळ पाहिलं. वर्गात दहा वर्षं फळ्यावर ज्याची आकृती काढत होते, ते माझ्या पायाशी उमलून बसलं होतं. येताना पाच छोटे दगड डब्यात घालून आणले. दिलीप वर्षातून दोनदा घरी येई तेव्हा समुद्राच्या पाण्याचे कॅन घेऊन येई. रेल्वेतले लोक त्याला विचारत, गंगाजल आहे का. तो हो म्हणायचा.

पंप उघडता उघडता सुखदेवभाऊंनी सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं, की पेटीतलं पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं, म्हणून वरून साधंच पाणी घालावं लागतं. आणि हे जीव आपलं घर चुन्याचं बांधतात, म्हणून चुन्याची निवळीही द्यावी लागते. पानाच्या दुकानातला खायचा चुना उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळायचा, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी तेवढं घ्यायचं.

सुखदेवभाऊ तेव्हा तळहातावर तंबाखू, सुपारी आणि चुन्याचा खर्रा घोटत होते. त्यांचा अंगठा थांबला.

"म्हंजे तुमचे जनावरं बी चुना खाऊन राहिले?"

"खातात. पण थेंब थेंब. एकदम पडला तर पाणी दुधासारखं होतं आणि सगळं मरतं."

"जास्त झाला तं तोंड आमचंही भाजते," ते म्हणाले आणि पुन्हा घोटू लागले.

त्या थेंबांनीच मला घराला बांधून ठेवलं होतं. दवाखान्यातली सलाइनची नळी धुऊन मी पेटीवर टांगली होती. बाटली अर्धी झाली की थेंब मंदावत. निवळीचा पांढरा थर नळीत धरे आणि कधी थेंब बंदच होत. शाळेतून मधल्या सुट्टीत घरी येऊन मी नळीचं चाक फिरवून जायची. सौंसरला मावसबहिणीचं लग्न होतं, तिथे अक्षता पडल्या तशी मी बस पकडली. जेवायलाही थांबले नाही. मावशीनं ते बरीच वर्षं मनात ठेवलं.

मग ८५ च्या मार्चमध्ये वर्ध्याचे काका गेले. चार दिवस जावंच लागलं. शेजारच्या जयवंताबाईंना मी नळी कशी लावायची ते दाखवलं, निवळीचा पाच लिटरचा कॅन भरून ठेवला. जयवंताबाई माझ्या आईच्या वयाच्या. मला ताप आला की भाताची पेज करून आणणाऱ्या. दोन दिवस त्यांनी सांगितल्याबरहुकूम केलं. तिसऱ्या दिवशी ऊन फार होतं. त्यांना त्या जिवांची दया आली.

"मी म्हणलं, एवढ्या उन्हाचं थेंब थेंब काय द्याचं?" त्या मला नंतर सांगत होत्या आणि रडत होत्या. "तहानले असतीन बिचारे. म्हून सारा कॅन रिकामा केला वं माय."

तळाशी बसलेल्या चुन्यासकट. मी आले तेव्हा पेटी पांढरीफटक होती. पाचांपैकी एक दगड जगला, तोही अर्धा.

जयवंताबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मला त्यांच्यावर रागावता येईना. पण त्या दिवसापासून घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवताना माझा हात अडखळायला लागला, आणि त्यांनाही ते दिसलं. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. हे मिटण्यासारखं नव्हतं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत हुकूम आला, की एप्रिलमध्ये उत्तरपत्रिका तपासायला छिंदवाड्याला हजर व्हायचं. अठरा दिवस. नाही म्हणायची सोय नव्हती. मी तडक सुखदेवभाऊंच्या दुकानात गेले आणि गेल्या वर्षी कॅनचं काय झालं ते सांगितलं.

"भाऊ, मला एक यंत्र बनवून द्या. आपोआप, वेळच्या वेळी, मोजून निवळी सोडणारं. तुम्हाला ते अवघड नाही."

ते एका मोटरीच्या खाचांत तार बसवत होते. वर न पाहता म्हणाले, "आपोआप चालू होणारं मी काही बनवत नाही."

"का?"

"नाही बनवत."

मला वाटलं, हंगामाचे दिवस आहेत, संत्र्यांच्या बागांना पाणी सुरू आहे, मोटरींचा ढीग पडलाय, म्हणून टाळताहेत. मी उठून निघाले तेव्हा त्यांनी थांबवलं.

"नागपूरले मिळत असन तं आना. दोन-तीन आना. कोणतं घ्याचं ते मी पाहून देतो."

नागपूरच्या सीताबर्डीवर शाळांना विज्ञानाचं सामान पुरवणारे एक ओळखीचे दुकानदार होते. त्यांनी दोन पंप दिले. एक महिना वापरून पाहा, नको असेल तो परत करा, म्हणाले. पहिला नवाकोरा होता. चकचकीत डबी, पुढे घड्याळासारखी तबकडी, लाल दिवा. ठरल्या वेळी विजेनं त्यातली झडप उघडे, वरच्या बाटलीतलं पाणी खाली येई, वेळ संपली की झडप मिटे. दुसरा कुठल्याशा पॅथॉलॉजीतून निघालेला, रंग उडालेला. एका चाकावर तीन रूळ होते. चाक हळूहळू फिरे आणि ते रूळ रबरी नळी दाबत दाबत पाणी पुढे ढकलत. सारखा टक् टक् आवाज करी. दुकानदारांनी तो मला भिडेखातर दाखवला होता आणि मीही भिडेखातर घेतला होता. माझं मन पहिल्यावर बसलं होतं.

सुखदेवभाऊंनी दोन्ही पंप दुकानात मांडले, खाली एकेक बादली ठेवली. म्हणाले, "पंधरा रोज लागतीन."

"पंधरा दिवस? चालतो का नाही ते तासाभरात कळेल."

"चालतो हे तं दुकानवाल्यानंही पायलं असन, बहनजी. मले तो बिघडवून पाहाचा हाये."

आणि त्यांनी खरोखरच तसं केलं. येताजाता मी पाहायची. एक गोल बटण फिरवून ते व्होल्टेज खाली आणत, आमच्याकडे संध्याकाळी येतं तसं, बल्ब निखाऱ्यासारखा लाल होईपर्यंत. मग एकदम वर नेत. चालू असताना मध्येच वीज काढून घेत. पाण्यात चिमूटभर विटेची भुकटी टाकत. दोन्ही पंपांना सारखाच त्रास देत, आणि मोटर बांधता बांधता एक कान तिकडे ठेवत.

सहाव्या की सातव्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला. शाळा सुटल्यावर गेले. नव्या पंपाखालची बादली काठोकाठ भरली होती आणि वरची बाटली कोरडी होती. लाल दिवा मात्र विझलेला, म्हणजे यंत्राच्या हिशेबानं झडप बंद होती.

"भुकटीचा एक कण अटकला," ते म्हणाले. "मी भाकर खाऊन हात धुवून आलो, तेवढ्यात सारं खाली. ही बादली म्हंजे तुमचा समुद्र समजा."

"पण तुम्ही मुद्दाम भुकटी टाकली. मी गाळून घालीन."

"तुमी गाळसान. अठरा रोजात चुना जमन त्याचं काय?"

 सलाइनच्या नळीत धरलेला पांढरा थर मी दर आठवड्याला काढत होते.

"आन हा पाहा." त्यांनी त्या रंग उडालेल्या पंपाची वीज काढली. चाक होतं तिथे थांबलं. रूळ नळीवर दाबून बसलेला, थेंबही पुढे जाईना. मग त्यांनी ब्लेड घेऊन नळीच कापली. माझ्या तोंडून "अहो" निघालं. पण बाटली खाली जमिनीवर होती. कापल्या जागेतून नळीत हवा शिरली, पाणी बाटलीत परत गेलं, बादलीत काहीच पडलं नाही.

"याच्यात बी सतरा खोडी हायेत," सुखदेवभाऊ म्हणाले. "रबर फाटन, मोटर जळन. हा तुमाले कवाही दगा देईन. पण दगा देईन तवा गुपचूप बसन. तो दुसरा दगा देईन तवा सारं ओतून देईन. आता तुमी पाहा, तुमचे जनावरं उपासानं लवकर मरतेत का खाऊन लवकर मरतेत."

जन्मभर मी मानत आले, की चांगलं यंत्र म्हणजे न बिघडणारं. त्या दिवशी घरी येताना मला जाणवलं, की न बिघडणाऱ्याची वाट पाहत बसण्यात मी दोन वर्षं घालवली होती. नवा पंप मी नागपूरला परत केला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते घरी येऊन पंप बसवून गेले. बाटली पेटीच्या खाली, फरशीवर. नळीचं तोंड पाण्याच्या वर चार बोटं, म्हणजे पेटीतलं पाणीही उलटं खाली यायला नको. बाटली केवढी ठेवायची यावर आमचा वाद झाला. अठरा दिवसांचा हिशेब करून मी मोठा कॅन काढला होता.

"हा सारा एकदम पेटीत गेला तं?"

"पंपानं एकदम जाणार नाही. तुम्हीच दाखवलंत."

"मी दाखवलं ते मी पायलं तेवढं. न पायलेलं काही असनच ना."

शेवटी दोन लिटरची बाटली ठरली. एकदम सगळी पडली तरी जीव तगतील एवढीच. थेंब निम्म्यावर आणले. प्रवाळाला चुना थोडा कमी पडला असता, पण वाढ थांबली म्हणून कोणी मरत नाही.

"आन साधं पाणी कोण घालन?" त्यांनी विचारलं.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. पलीकडच्या अंगणात जयवंताबाई गहू निवडत होत्या.

"त्याईलेच सांगा," सुखदेवभाऊ हळू आवाजात म्हणाले. "माणसाले असं काम द्या, का चुकलं तरी चालन. काचेवर रेघ मारा. रेघेपर्यंत उकळून थंड केलेलं पाणी घालाचं, बस. दोन गिलास जास्त झालं तं काय होते?"

काही होत नव्हतं. मी काचेवर लाल रंगाची रेघ मारली आणि जयवंताबाईंना बोलावलं. त्या आधी दारातच उभ्या राहिल्या. आत यायला वर्षभर धजल्या नव्हत्या. रेघ दाखवल्यावर त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "दुसऱ्या कशाले हात नाही लावाचा ना?" मी म्हटलं, "कशालाच नाही." त्यांना केवढं हायसं वाटलं ते मला दिसलं.

छिंदवाड्यात दिवसभर उत्तरपत्रिका आणि रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर आम्ही बारा जणी. पहिले चार दिवस मला त्या टक् टक् आवाजाची आठवण येई. पुढे बायकांशी गप्पा सुरू झाल्या, एका रविवारी आम्ही बाजारात गेलो. मी एक पातळ घेतलं, आणि ते घेताना ध्यानात आलं की सकाळपासून पेटीचा विचारच केला नाही.

अठराव्या दिवशी दुपारच्या बसनं परत आले. दार उघडलं आणि घर शांत वाटलं. हवेचा पंप बुडबुडत होता. दुसरा आवाज नव्हता. रुळांचं चाक थांबलेलं, बाटलीत निवळी उरलेली. प्रवाळ आकसून दगडाला चिकटून बसलं होतं, फिकट झालं होतं. पाणी मात्र बरोबर लाल रेघेला होतं.

जयवंताबाई मागोमाग आल्या. "तो टकटक करणारा सात रोजापासून बंद हाये. मी हात नाही लावला बरं. मिस्त्रीकडं जाऊन सांगून आली."

"मग ते आले नाहीत?"

"म्हणे, राहू द्या."

मी चप्पलही न काढता स्टेशन रोडवर गेले. "भाऊ, तुम्हाला सात दिवस ठाऊक होतं! किल्ली जयवंताबाईंकडे होती. येऊन पाच मिनिटांत चालू करून देता आलं असतं!"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "जगले का?"

"आकसलेत. पण जिवंत आहेत."

"मंग चाला," ते म्हणाले आणि दुकानाची फळी ओढून माझ्याबरोबर निघाले.

पेटीसमोर ते उकिडवे बसले. याआधी दोनतीनदा आले होते, पण त्यांचं लक्ष नळ्या आणि तारांतच असायचं. आता पहिल्यांदा ते आत पाहत राहिले. बोलले ते माझ्याकडे न पाहताच.

"बहनजी, पाण्यातलं मले समजत नाही. तुमी इथं नोहत्या. मी चालू करून गेलो असतो आन मांगून काही उलटं झालं असतं, तं कोण पाहणार होतं? बंद हाये म्हंजे काही होऊन नाही राहिलं, एवढं मले समजत होतं." मग म्हणाले, "मी एकडाव चालू केलेलं हाये."

तेव्हा त्यांनी नत्थूजींचं सांगितलं. नत्थूजी त्यांचे थोरले भाऊ. लोधीखेड्याच्या पुढे त्यांची संत्र्याची बाग आणि विहीर. मोटर विहिरीतच, पाण्यापासून वर एका ओट्यावर बसवलेली, पट्ट्यानं पंप फिरवणारी. लाइन, म्हणजे वीज, कधी येईल याचा नेम नसे. ती आली की शेतात धावत जाऊन बटण दाबावं लागे. म्हणून ७९ साली सुखदेवभाऊंनी भावासाठी एक डबा बनवला. लाइन आली की मोटर आपोआप चालू व्हायची. आसपासचे लोक पाहायला येत. एका महिन्यात भावाचा धरून असे नऊ डबे त्यांनी बनवून दिले.

"मले लई गुमान चढला होता," ते म्हणाले. "दिवाळीच्या आंधी पट्टा उतरला म्हून दादा विहिरीत उतरला. सकाळपासून लाइन नोहती. त्यानं पट्ट्यात हात घातला आन लाइन आली."

दारात उभ्या असलेल्या जयवंताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"डब्याची काही गलती नोहती, बहनजी. मी सांगितलं तसंच त्यानं केलं. लाइन आली, चालू झाला. कधी चालू व्हाचं ते मी त्याले शिकवलं होतं. कधी नाही व्हाचं, ते शिकवाचं मलेच सुचलं नाही."

कोपरापासून हात काढावा लागला होता. बाकीचे आठ डबे सुखदेवभाऊंनी सायकलवर फिरून परत आणले आणि तोडून टाकले. भावाच्या विहिरीकडे मात्र त्यांचे पाय वळले नाहीत. सात वर्षं झाली होती.

"त्यांनी काही म्हटलं का तुम्हाला?" मी विचारलं.

"काहीच नाही म्हणलं. तेच तं."

त्यांनी पंप दुरुस्त केला. मोटरीतली एक तार जळली होती. निवळी पुन्हा थेंबानं जाऊ लागली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी प्रवाळ उमललं. मी सांगायला गेले तर दुकानात ते लोखंडाचा एक तुकडा घासत बसले होते. साधा विजेचा खटका, पण त्याची मूठ काढून घेता येईल अशी.

"विहिरीच्या काठावर बसवाचा," ते म्हणाले. "उतरणाऱ्यानं मूठ काढाची, खिशात घालाची आन मंगच उतराचं. मूठ खिशात हाये तवरिक लाइन येवो का काही होवो, मोटर हालनार नाही." मग जरा घुटमळून म्हणाले, "रविवारी लोधीखेड्याले जाईन म्हणतो. तुमी येसान का? एकट्याचे पाय उठत नाही."

आम्ही सकाळच्या बसनं गेलो. सौंसरला बस बदलली.  बागेत शिरताना त्यांची चाल इतकी मंदावली की मीच पुढे झाले. विहिरीजवळच्या खोपटात आम्हाला पहिल्यांदा दिसला तो डबा. तोच. सात वर्षं जुना, धुळीनं माखलेला, आणि चालू. नत्थूजींनी तो काढलाच नव्हता. हात गेल्यावर धावपळ आणखीच कठीण झाली होती, मग डब्याशिवाय बागेला पाणी कोण देणार?

सुखदेवभाऊ त्या डब्याकडे पाहत उभे राहिले. मागून नत्थूजी आले. उंच, पांढरी मिशी, उजव्या बाहीला गाठ मारलेली. त्यांनी भावाला पाहिलं, मला नमस्कार म्हणून डावा हात छातीला लावला आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "केसर, चहा ठेव वं. सुखदेव आला."

जसा काही तो गेल्या आठवड्यातही आला होता.

खटका बसवायला तासभर लागला. दोघं कामापुरतंच बोलत होते. हे धर, इकडं दे, स्क्रू कुठं गेला. काम झाल्यावर सुखदेवभाऊंनी मूठ काढून भावाच्या डाव्या हातात ठेवली आणि काय करायचं ते समजावून सांगितलं. नत्थूजींनी ती उलटीपालटी करून पाहिली. खिशात घातली. पुन्हा काढली.

"चांगलं केलं," ते म्हणाले. "सात वर्सं लागले तुले."

"दादा, माह्या हातून..."

"हात गेला तवा एकडाव गेला रे," नत्थूजी म्हणाले. "तू तं दर सणाले नाही आला."

सुखदेवभाऊ विहिरीच्या काठावर खाली बसले. मी केसरबाईंना मदत करायच्या निमित्तानं घरात गेले. चहाचे कप घेऊन आम्ही दोघी बाहेर आलो तेव्हा नत्थूजी भावाला कुठल्या झाडांना डिंक्या रोग लागलाय ते दाखवत होते.

माझी पेटी आणखी दोन वर्षं टिकली. ८८ च्या मे महिन्यात सत्तेचाळीस डिग्रीपर्यंत पारा गेला, आणि तीन दिवसांत माझ्या डोळ्यांदेखत सगळं संपलं. पाणीच तापलं होतं. निवळीचा पंप तेव्हा व्यवस्थित चालू होता. मी घरीच होते, जयवंताबाई ओले कपडे आणून काचेवर टाकत होत्या, आणि आम्हा दोघींना काही करता आलं नाही. पांढरा सांगाडा मी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवून दिला. पुन्हा पेटी भरली नाही. त्याच वर्षी माझी सौंसरला बदली झाली.

पुढच्या वर्षी एकदा पांढुर्ण्याला गेले असताना सुखदेवभाऊंच्या दुकानाशी थांबले. सावरगावचा एक शेतकरी त्यांच्याशी हुज्जत घालत होता. त्याला आपोआप चालू होणारा डबा हवा होता. सुखदेवभाऊ आता ते बनवून देत, पण काढत्या मुठीचा खटका सोबत घेतला तरच.

"मले खटका नाही पाहिजे. माही मोटर वरतं हाये, विहिरीत कोणी उतरतच नाही."

"आज नाही उतरत. उद्या गाळ काढाले उतरसान."

"ते माहं मी पाहीन ना! तुमी डबा द्या."

"नाही देत."

"मंग दुसरा दुकानवाला देईन."

"देईन," सुखदेवभाऊ म्हणाले.

तो माणूस तणतणत निघून गेला. समोरच्या रस्त्यावर तशीच दोन नवी दुकानं झाली होती, आणि तो सरळ त्यातल्या एकात शिरला. सुखदेवभाऊ त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. काळजी होती.

"आता पाहा," ते म्हणाले. "मी दिला असता तं निदान दोन शब्द सांगून तं दिला असता. नाही दिला, तं तो न सांगता घेऊन जाईन. कोणतं बरं, बहनजी?"

 ते मला अजूनही ठरवता येत नाही. मी म्हटलं, "त्याचं नाव ठाऊक आहे का?"

"हाये ना. पुंडलिकरावाचा जावई."

"मग सावरगाव काय लांब आहे? नदीपलीकडेच तर आहे."

त्यांनी जरा विचार केला. मग खालच्या खोक्यातून एक खटका काढला, फडक्यानं पुसला, मूठ घट्ट बसते की नाही ते दोनदा पाहिलं, आणि तो पिशवीत टाकून ते सायकलीचं कुलूप काढू लागले.